वरच्या अंगाचा घाट

धारखेड, पैनगंगेची अलीकडची थडी
ता. ९ फेब्रुवारी १९५८

प्रिय इंद्रभान,

हे पत्र मी आज तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. आधी दोनदा चार ओळी झाल्या की उठलो, नदीपर्यंत गेलो, उगाच पाण्याकडे पाहून परत आलो. तुझी वहिनी म्हणाली, "तिकडं कोनी हाका मारून राह्यलं का तुमाले?" दार ओढून घेतलं आणि पुन्हा बसलो. आता उठणार नाही असं ठरवलं आहे, पण खात्री देत नाही.

तुझा पत्ता अनसिंगच्या स्टेशनवरच्या दौलतसिंगानं दिला. तो रेल्वेत रुळांचे काटे बदलतो. दिवाळीनंतर काही कामानं पूर्ण्याला गेला होता, तेव्हा त्यानं तुला लोकोशेडमध्ये कोळसा भरताना पाहिलं. म्हणाला, केस पिकलेत पण खांदे तसेच आहेत. तू त्याला आईची विचारपूस केलीस, घाटाची केलीस, उकंडरावाच्या दम्याची केलीस. माझी केली का, हे मी त्याला विचारलं नाही आणि त्यानंही आपणहून सांगितलं नाही. आई तू गेल्यावर तिसऱ्या वर्षी गेली. शेवटी तुझंच नाव घेत होती. हे तुला कळवायला हवं होतं. कुठे कळवावं हे माहीत नव्हतं असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे शोधलं असतं तर तेव्हाही सापडलं असतं.

आता बातमी सांगतो. आपला घाट नवा होतो आहे. दगडी, सरकारी. तुला आठवतं तसं आता काही राहिलं नाही. पलीकडची थडी मोगलाई होती, ती आता नाही. निजाम गेला, करोडगिरीचा जकातनाका गेला, त्या शिपायांची कौलारू चौकी पडून तिथे एरंड उगवलेत. सव्वा वर्षापूर्वी दोन्ही थड्या एकाच मुंबई राज्यात आल्या आणि एकाएकी सगळ्यांना नदी ओलांडायची घाई झाली. पूर्वी बाजाराच्या दिवशी चार खेपा व्हायच्या, आता रोज दहा होतात. केनवडच्या बाजाराला पलीकडून बकऱ्या येतात, इकडून सरकी जाते, पोरं पलीकडच्या शाळेत जातात. सात घरं भोयांची, सात डोंगे, आणि उतरायला तोच चिखल. गेल्या पावसाळ्यात एक बाळंतीण घसरून पडली. तेव्हा लोकांनी अर्ज केला आणि आश्चर्य म्हणजे वरून उत्तर आलं की घाट बांधू.

डिसेंबरात बांधकाम खात्याचे ओव्हरसियर आले. नेरकर म्हणून, अमरावतीकडचे, तुझ्यापेक्षा लहान. साखळी घेऊन दोन दिवस काठानं फिरले आणि खालच्या अंगाला, जांभळाच्या झाडाखाली, लाल झेंड्या रोवून मोकळे झाले. तुला सांगायला नको. उन्हाळी डोळ्यांनी पाहिलं तर त्याहून चांगली जागा नाही. काठ सरळ, जमीन सरकारी, गाडरस्ता हाकेच्या अंतरावर, पाणी तर असं निवांत की म्हशीनं डुंबावं. वरच्या अंगाला मात्र वळण, गाळ, आणि रस्त्यापर्यंत जायचं तर सरपंच जानरावांच्या वावरातून पट्टा काढावा लागतो. कोणताही शहाणा माणूस खालचीच जागा धरील.

शाळेत सभा झाली. जानराव, पाटील, दुकानदार, मास्तर आत सतरंजीवर. आम्हा डोंगेवाल्यांना कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून आम्ही बाहेर ओट्याखाली बसलो. नकाशा सगळ्यांनी पाहिला, माना हलल्या, चहा झाला. साहेब कागद गुंडाळायला लागले तसा आपला उकंडराव उठला. तो आता सत्तरीचा आहे, दोन पावलं चालला की थांबून श्वास घेतो. दारातूनच म्हणाला, "सायेब, घाट कोनासाठी बांधून राह्यले? डोंग्यासाठी ना? मंग डोंगेवाल्याले काहून नाई विचारलं?"

जानरावांनी त्याला खाली बस म्हटलं. पण नेरकर साहेब उठून बाहेर आले. ओट्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "विचारतो. सांगा."

उकंडरावानं काय केलं असेल? त्यानं कुणाला तरी पाठवून डोंग्याची दोरी आणवली आणि शाळेच्या अंगणात नदी मांडली. हे वळण, हा पलीकडचा काळा खडक, हा जांभूळ. दोरी सरकवत सरकवत त्यानं भाद्रपदातलं पाणी दाखवलं. वरून धार येते ती पलीकडच्या खडकावर आपटते, तिथून फिरून सरळ जांभळाखाली शिरते आणि तळातून ओढते. वरून दिसत नाही. वर पाणी गुळगुळीत असतं, आणि म्हणूनच परका नावाडी फसतो. सातही घरची माणसं हळूहळू दोरीभोवती आली. कोणी म्हणालं पायऱ्या नुसत्या नकोत, गाडीसाठी उतार पाहिजे. कोणी म्हणालं डोंगा बांधायला दगडात लोखंडी कडी पाहिजे, आणि एका उंचीवर नको, तीन उंचींवर, कारण पाणी काही एका जागी थांबत नाही. तुझी वहिनी पाण्याला चालली होती, ती थांबली. डोक्यावरचा हंडासुद्धा न उतरवता म्हणाली, "पायऱ्या बुटक्या करा. डोक्यावर ओझं असलं की बाईमानसाले पाय उचलता येत नाई." साहेबांनी तेही लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा आमचं बोलणं कोणी कागदावर उतरवत होतं, इंद्रभान. माणसं घरी जाताना मोठ्यानं बोलत होती. मी मात्र सगळ्यांच्या मागे राहिलो. मी त्या दोरीजवळ एक शब्द बोललो नव्हतो. त्यातल्या जांभळाच्या जागी उकंडरावानं एक खापरी ठेवली होती आणि मला ती पाहवत नव्हती.

पाच-सहा जणांची समिती झाली. डोंगेवाल्यांकडून माझं नाव घेतलं, कारण मला चौथीपर्यंतचं लिहिता-वाचता येतं. मी नको म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं, म्हणून हो म्हटलं.

त्यानंतरचा महिना कसा गेला ते मला नीट सांगता येत नाही. जेवायला बसलो की मध्येच उठायचो. डोंगा हाकताना उतारूंशी बोलायचो नाही. पाण्यात बांबू टाकला की जांभळाच्या बाजूला मान वळायची. ती मी इतकी वर्षं वळू दिली नव्हती. तू म्हणशील, तिथूनच तर रोज जातोस. रोज जायचो, पण दुसरीकडे पाहत जायचो. अशा पाहण्याचीही सवय होते.

मग जानेवारीत दुसरी सभा झाली. त्या दिवशी सगळे डोंगेवाले सभेला, म्हणून घाट बंद. खोळंबलेले उतारू शाळेच्या आवारात सावलीला येऊन बसले होते. त्यात मानोऱ्याकडच्या तांड्याची माणसं होती, पलीकडे जोंधळा सोंगायला चाललेली. नेरकर साहेबांनी वाशीमहून एक जुनी फाईल आणली होती. ते आमच्या बाजूचे होते हे सांगतो, म्हणजे त्यांच्याबद्दल तुझं वाईट मत व्हायला नको. त्यांनी वर लिहिलं होतं की नावाडी लोकांच्या मते खालची जागा धोक्याची आहे. वरून उलट विचारणा आली, धोक्याची आहे तर पुरावा काय? आजवर अपघात किती? आणि फाईलमध्ये अपघात एकच होता.

साहेबांनी वाचलं. सन पंचेचाळीस, भाद्रपद, डोंगा उलटून दोन स्त्रिया मयत. कारण, नावाडी इंद्रभान याचा गैरसावधपणा, त्यानं स्वतः कबूल केल्याप्रमाणे. जागेविषयी काही नाही.

जानराव म्हणाले, "झालं तर मंग. जागेत खोट नाई. खोट मानसात होती, थो मानूस गेला गाव सोडून." त्यांनी हे दुष्टपणानं म्हटलं नाही. त्यांना त्यांचं वावर वाचवायचं होतं, आणि कागद त्यांच्या बाजूनं बोलत होता. उकंडरावानं काही सांगायचा प्रयत्न केला, पण त्याला खोकल्याची उबळ आली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "जगदेवराव, तो तुमचा भाऊ ना? तुम्हाला यात काही सांगायचं आहे?"

इथवर लिहून मी पुन्हा उठलो होतो. नदीवर नाही गेलो, दारापर्यंत जाऊन आलो.

तो दिवस तुला मी सांगायला नको, पण मला तो एकदा माझ्या हातानं लिहायचा आहे. माझी विजयमाला आठ दिवसांची होती. गोमतीआत्या बारशासाठी पलीकडच्या गावाहून पाळणा मागून आणायला गेली होती. आपल्याला आईइतकंच तिनं वाढवलं, तुला तर जास्तच. तू तिला आणायला गेलास. परत येताना डोंग्यात तांड्याचं एक जोडपं होतं, मूग तोडून घरी निघालेलं, आणि आणखी तीन माणसं. पाणी सकाळपासून चढत होतं. आणि वरच्या अंगाला, जिथे तू नेहमी लावायचास, तिथे माझा डोंगा आडवा पडला होता. डांबर लावायला मी तो ओढून पालथा घातला होता, त्याला चार दिवस झाले होते. उकंडरावानं दोनदा बजावलं होतं, पाणी येईल, वर घे. मी म्हणालो, उद्या. घरात लेक झाली होती, माझा पाय काठावर ठरत नव्हता. त्या दिवशी पाण्यानं तो अर्धा उचलला आणि त्यानं उतरायची सगळी वाट अडवली. एकट्यानं तो हलेना. तुझा डोंगा मधल्या धारेत दिसायला लागला, तेव्हा मी काठावर उभा राहून डोक्याचा पटका काढला आणि तुला खालच्या अंगाला लाव म्हणून हलवला.

तू मान हलवलीस. नाही म्हणालास. एवढ्या लांबूनही मला ते स्पष्ट दिसलं. मी पुन्हा पटका हलवला. तू बांबू उभा धरून थोडा वेळ डोंगा तिथेच तोलून धरलास, वाट पाहिलीस, बहुतेक मी माझा डोंगा सरकवीन म्हणून. मी तिसऱ्यांदा हलवला. मोठा भाऊ होतो. तू वळवलास.

पुढचं नाही लिहीत.

नायब तहसीलदार चौथ्या दिवशी आले. तोवर मी माझा डोंगा वर ओढून ठेवला होता. कोणाला संशय येऊ नये म्हणून नव्हे, लपवावा म्हणूनही नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांनी तुला विचारलं, खालच्या अंगाला का लावलास? तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मी जमिनीकडे पाहत होतो. तू म्हणालास, "माही चूक झाली, सायेब." तुझा परवाना गेला. आत्याची तेरवी झाली आणि तू वळकटी घेऊन निघालास. विजयमाला माझ्या हातांवर होती. तू तिच्या टाळूला हात लावलास आणि मला म्हणालास, "दादा, हिले सांभाळजो." तेवढंच. मी तुला स्टेशनपर्यंत सोडायला आलो नाही.

तर साहेबांनी विचारलं आणि मी उभा राहिलो. मी म्हणालो, इंद्रभाननं जागा निवडली नव्हती, मी निवडली. मग आता वर लिहिलं ते सगळं सांगितलं, आडवा डोंगा, पटका, तीन वेळा. मास्तरांची दौत उघडीच राहिली होती. जानराव म्हणाले, "जगदेव, मंग थ्या दोन बाया जागेमुळं गेल्या का तुह्यामुळं?"

मी म्हणालो, "मी चुकलो म्हनून डोंगा खाली गेला. खाली गेला म्हनून बुडाला. मी उद्या मरून जाईन, पानी तिथंच राहीन."

जानरावांनी विचारलं, ह्याला साक्षीदार कोण? आज भावाचं नाव साफ करायला कशावरून बोलत नाहीस? मी इतकी वर्षं थांबलो होतो, आता माझ्या बोलण्यावर कोणी का विश्वास ठेवावा? तेव्हा बाहेरून, सावलीत बसलेल्या उतारूंतून, एक म्हातारा आत आला. तांड्याचा, डोक्याला लाल पागोटं. दर साली दोनदा माझ्या डोंग्यातून जायचा. बसला की पाण्याकडे पाठ करायचा, हे मी पाहिलं होतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. चेहरा ओळखू येऊनसुद्धा विचारलं नव्हतं. रामधन त्याचं नाव. आत्याबरोबर जी गेली ती रुपाबाई त्याची बायको.

तो म्हणाला, "मी होतो डोंग्यात. मी पायला पटका. यानं तीन खेपा हलवला. हा खरं बोलून राह्यला."

साहेब म्हणाले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

रामधन म्हणाला, "मले कोनी विचारलं नाई, सायेब. आमी झाडाखाली बसलो होतो. कचेरीवाले आले, कागद लिवला, गेले."

मी त्याच्या पाया पडायला वाकलो. त्यानं पाय मागे घेतले. म्हणाला, "राहू दे. घाट वर बांध." आणि बाहेर जाऊन पुन्हा आपल्या माणसांत बसला. त्या दिवशी त्यांना पलीकडे उकंडरावाच्या पोरानं नेलं. माझ्या डोंग्यात तो बसला नाही, आणि मी बसवलाही नाही.

साहेबांनी माझं बयान लिहिलं, माझी सही घेतली, रामधनचा अंगठा घेतला. आठ दिवसांनी मोठे इंजिनियर आले. त्यांनी उकंडरावाला डोंग्यात घेऊन दोन्ही अंगं पाहिली, वळणाशी बांबू टाकून तळ मोजला. परतल्यावर त्यांनी जांभळाखालच्या झेंड्या स्वतः उभं राहून उपटायला लावल्या. जानरावांच्या वावरातून पट्टा निघाला. ते चार दिवस फुगून बसले, पाचव्या दिवशी येऊन बांध कुठून फोडायचा ते त्यांनीच दाखवलं. आता वरच्या अंगाला पाया खणणं चालू आहे. गाडीचा उतार आहे, तीन उंचींवर कड्या आहेत, पायऱ्या तुझ्या वहिनीच्या मापाच्या आहेत.

आणि माझं म्हणशील तर, माझा परवाना वाशीमहून तहकूब झाला. इतक्या जुन्या गोष्टीवर खटला होणार नाही म्हणाले, पण चौकशी पुरी होईस्तोवर डोंगा हाकायचा नाही आणि समितीत बसायचं नाही. बरोबरच आहे. मी त्याच घाटावर खडी फोडतो. पहिले काही दिवस लोक माझ्याजवळून जाताना बोलणं थांबवायचे. आता कोणी कोणी रामराम घालतं.

घरात मात्र अजून नीट नाही. तुझी वहिनी रुख्मिणी सभेहून आली आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "बारा वर्सं मी भाऊजीले बोल लावत राह्यली. आत्याबाईले मारलं म्हनत राह्यली. अन् तुमी बाजूले बसून जेवत राह्यले." मी ताटावरून उठलो नाही. उठायचा हक्क नव्हता. विजयमालानं वेगळंच विचारलं. ती आता बारा वर्षांची आहे, पाचवीत आहे, डोंगाही हाकते. म्हणाली, "बाबा, काका माह्यामुळं बोलले नाई का?" तिला नाही म्हणालो. पण मला माहीत आहे तू कोणासाठी गप्प बसलास. ते पोर मोठं झालं, हसतं, भांडतं, तुझ्यासारखंच डोंग्यात उभ्यानं बांबू मारतं. तू दिलेलं मी वापरलं, इंद्रभान. पुरेपूर वापरलं. त्यातला एकही दिवस मला तुला परत देता येत नाही.

हे सगळं तुला दुसऱ्याकडून कळलं असतं. दौलतसिंग सांगणारच होता, मी त्याला थांबवलं. पण पत्र लिहिण्याचं खरं कारण तेही नाही, आणि मी ते आतापर्यंत लांबवत आलो. परवा सात घरांची बैठक झाली. पाया झाला की मिस्त्रीबरोबर उभं राहून पाण्याच्या खुणा दाखवणारा, कुठली पायरी कुठल्या नक्षत्रात बुडेल हे सांगणारा माणूस खात्याला हवा आहे, आणि पुढे घाट त्याच्याच देखरेखीखाली राहील. उकंडराव म्हणाला, "वरच्या अंगाचा तळ पायानं ओळखनारा एकच हाय, अन् थो कोळसा भरून राह्यला." सातही घरांनी हात वर केले, आपल्या घराचा तुझ्या वहिनीनं. मी कोपऱ्यात होतो, मला हात वर करायचा अधिकार नव्हता. मास्तरांनी पत्र लिहावं असं ठरत होतं, तेव्हा मी म्हणालो, मी लिहितो. पहिल्यांदा कोणी हो म्हणेना. मग उकंडराव म्हणाला, लिहू द्या. म्हणून हे बोलावणं त्यांचं आहे, सात घरांचं, असं समज. फाईलमध्ये तुझ्या नावापुढची ती ओळ खोडली आहे, नेरकर साहेबांनी मला दाखवली. तुझा परवाना तुला परत मिळेल. माझ्यासाठी येऊ नकोस, आणि माझ्यामुळे यायचं टाळूही नकोस. आलास तर मी पायाजवळ खडीच्या ढिगावर असेन. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. मी हाक मारणार नाही, पण उठून उभा राहीन.

तुझाच,
जगदेव